डावा कोपरा

बादल, सात वर्षं तुझं मनगट माझ्या हातात होतं.
तू डाव्या कोपऱ्यात, मी लगतचा,
साखळीतली दुसरी कडी.
चढाईवाला आत शिरला की तुझी नाडी मंद व्हायची,
सगळ्यांची वाढते, तुझी उतरायची.
हे फक्त मला माहीत.
गुल्हाने सरांनाही नाही,
ज्यांना तुझे बी.ए.चे राहिलेले दोन विषयसुद्धा पाठ होते.

घाटंजीच्या कॉलेजमागं आपण माती चाळली,
शेणखत मिसळलं, फक्कीनं रेषा ओढल्या.
तिथं तू डोळे जवळजवळ मिटून उभा राहायचास.
ऐकायचास.
कबड्डीकबड्डीकबड्डी, त्या दमाला
कुठं बारीक चीर पडते,
जीभ कुठं घसरते,
तिथंच तुझा हात खाली, घोट्यावर,
मग कोणी कितीही झटको.
"दम सरला का पाय जड होते बे,
मले थे ऐकू येते."
आम्ही हसायचो.
हसत हसतच विद्यापीठाचा चषक
टाटा मॅजिकच्या टपावर बांधून आणला.

मग लीगच्या यादीत तुझं नाव, नावापुढं आकडा.
तुझी माय शाळेतली खिचडी ढवळत होती.
"इतके? किती महिन्याचे?"
"तीन."
"अन् नाही खेयला तं?"
"तरी देते."
"मंग कायले टोंगळे फोडून घेतं? बसून राह्य."

बसूनच राहिलास. नऊ सामने.
मी जिनिंगच्या रातपाळीत
गाठीला मोबाईल टेकवून पाहायचो.
कॅमेरा बाकावरून सरकायचा,
त्यात कधी तुझा नुसता गुडघा, नव्या पट्ट्यातला.
फोनवर सांगायचास:
आयुष्यात पहिल्यांदा बूट घालून खेळतोय,
भात वाटीनं मोजून देतात,
सर टॅबवर चढाईवाल्यांच्या कमरा दाखवतात,
म्हणतात, पायाकडं बघू नको, पाय खोटं बोलतो.
आणि एकदा, रात्री दीडला,
"भाऊ, मी बयरा झालो इथं.
ढोल, भोंगे, तो माइकवाला.
समोरचा दम घेते का नाही, काई समजत नाही.
पडद्यावर तीस आकडे उलटे पळते फक्त."

दहाव्या सामन्यात अडीच मिनिटं मिळाली.
चढाईवाला आला, वळला,
तू झेपावलास तोवर त्याचा हात मध्यरेषेवर.
त्यांना दोन गुण, तू बाहेर.
माइकवाला म्हणाला, पोरानं घाई केली.
घाई नव्हती रे. उशीर झाला होता.
तू दम तुटायची वाट पाहत होतास.

मधल्या सुट्टीत आलास, सण ना वार,
वणीहून सरकीच्या ट्रकमधून.
ना घरी गेलास, ना सरांकडं.
जिनिंगच्या फाटकाशी उभा राहून म्हणालास,
"कापूस दे थोडासा."
दोन्ही कानांत गच्च कोंबलास
आणि दहावीच्या पोट्ट्यांना म्हणालास, या अंगावर.
चाळीस किलोचं एकेक पोरगं
तुला शिवून पळत होतं, खिदळत होतं.
तुला खिदळणंही ऐकू येत नव्हतं.
बुटांत माती, नाकाशी माती.
मी मनगट धरून उभा.
नाडी सशासारखी.
पाच चढाया, आठ, दहा, तशीच.

अकरावीला सिडामांचा राहुल आला,
उजवा पाय फेकला, कंबर डावीकडं वळली,
आणि माझ्या बोटांखाली
नाडी उतरली.
घोटा निसटलाच शेवटी, तो भाग वेगळा.
तू कापूस न काढता जोरजोरात बोलत होतास,
बहिरी माणसं बोलतात तसा,
"समजलं तुले? समजलं का?"

तिकडं आता तुझ्या लगत
सोनिपतचा कोणीतरी उभा असतो.
त्याला सांग, मनगट ढिलं धरायचं नाही.
आणि नाडी मंद झाली
की विचारत बसायचं नाही, सरकायचं.
इकडं हंगाम जोरात आहे, गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत.
पाठवू का अजून थोडा कापूस?